रायबंदर ते चोडण

रिपोर्ट पावांच्या पिशवीत ठेवलाय.
उंडे गरम होते, एक कोपरा ओलसर झालाय.
चार पानं, इंग्रजी. वर तन्वेशचं नाव,
खाली एका जनुकाचं: डीकेसी-वन.
एवढं आखूड नाव आमच्या घरात कुणाचंच नाही.

बांबोळीला डॉक्टर ग्रेसिंदा म्हणाल्या, बाय, बसा, पाणी घ्या.
आणि माझ्याच केसपेपरच्या पाठीवर
पेनानं एक गोळा काढला.
ही पेशी. आत ठिपके, ठिपके, ठिपके:
हे रायबोसोम. अंगातलं प्रथिन इथं घडतं,
केस, रक्त, नख, सगळ्याला लागतं ते.
पण हे ठिपकेही आधी कुणी तरी घडवावे लागतात.
त्या घडवणाऱ्यांत एक एन्झाइम आहे,
आणि हे जनुक म्हणजे त्याची कृती, लिहून ठेवलेली.
ते काय करतं?
धाग्यातलं एखादं अक्षर सोडवतं,
जागच्या जागी वळवतं,
पाठीकडून पुन्हा जोडतं.
बस्स?
बस्स, म्हणाल्या. पण शंभरेक ठिकाणी,
आणि रोज नव्यानं बनणाऱ्या प्रत्येक धाग्यावर.
तुमच्या मुलाचं तिथं अडखळतं.

शाळेत सोमवारी नखं तपासतात.
तन्वेशला चार वर्षं ओळीनं तारा मिळाला,
वहीच्या पुठ्ठ्यावर, सोनेरी.
मी नेलकटर कधी हातात घेतलं नव्हतं
हे मला सांगावंसं वाटलं नाही कुणाला.
यंदा त्यानंच विचारलं, आई, माझी वाढत का नाहीत?
मी म्हटलं, तू खातोस म्हणून.
खात नव्हता तो.

फेरीबोट धक्का सोडते. समोरची फळी कुरकुरत वर येते.
इंजिनचा आवाज बदलतो, बोट मागं सरते,
मांडवीच्या मधोमध सावकाश गर्रकन फिरते.
तीच बोट, तेच स्कूटरवाले, तीच बांगड्यांची पाटी.
मघा रायबंदरकडं होतं ते तोंड आता चोडणला लागणार.
जन्मापासून हिच्यात बसतेय,
वळताना कधी बघितलं नव्हतं.
आज पायलटच्या काचेकडं बघत राहिले.
न वळता गेली तर?
पोचेल. पण पाठ लावून.
फळी उघडेल ती पाण्यावर.

घरात आणखी कुणाची अशी नखं होती का?

गुरुदास. माझा भाऊ. खांद्यावर जाळीसारखे डाग,
जिभेवर पांढरं,
नखं बोटांत बुडालेली.
एकोणिसाव्या वर्षी त्याचं रक्त बनायचंच थांबलं.
पणजीहून बाटल्या यायच्या, बर्फात, याच बोटीनं.
लोक म्हणाले, खाजनाच्या बांधावर भर दुपारी
त्यानं राखणदाराच्या जागेतलं झाड तोडलं.
आईनं ते धरून ठेवलं.
अठ्ठावीस वर्षं दर अवसेला ती मानशीपाशी
रोट ठेवून येते, लेकाच्या वतीनं माफी मागते.

हे आईकडून मुलाकडं जातं, डॉक्टर म्हणाल्या.
आईला काही होत नाही, बहुतेक.
पेन गोळ्यावरून माझ्याकडं वळलं
आणि मग, कागद संपला होता म्हणून, टेबलावर
एक रेघ आणखी वर गेली.

सांगितलं तर गुरुदास सुटतो.
झाड झाडासारखं पडलं, एवढंच उरतं.
पण त्या रेघेच्या टोकाला मग
चौऱ्याहत्तर वर्षांची एक बाई उभी राहते
आणि तिला तर कुठल्या बांधावर जाऊन
कुणाची माफी मागायची तेही ठाऊक नाही.

स्वरांगीचं रक्त पुढच्या बुधवारी.
तिची नखं लांब आहेत, काल तिनं जांभळा रंग लावला,
भावाच्याही बोटांना लावायला गेली,
जागा पुरेना म्हणून कातडीवरच लावला.
दोघं हसत होती.

फळी चोडणच्या उतारावर आदळते.
स्कूटरी आधी, मग माणसं.
घरी पिशवी आईच उघडते, रोज.
उंडे मोजते,
खाली काय आहे ते चाचपते.
इंग्रजी तिला येत नाही.
ती विचारेल, कसलं गे हे?